पाण्याची चाल आणि गुडघ्यातील कूर्चा

मार्च २०२५ मध्ये दिल्लीच्या 'एम्स'ने मुंबईच्या 'समीर' या संशोधन संस्थेशी एक करार केला. देशात घडवलेले १.५ टेस्ला क्षमतेचे एमआरआय यंत्र एम्समध्ये बसवायचे आणि त्याच्या चाचण्या घ्यायच्या, असा तो करार होता. त्याआधी ऑगस्ट २०२३ मध्ये बंगळुरूच्या व्हॉक्सेलग्रिड्स या कंपनीचे देशी यंत्र जाहीर झाले होतेच. दोन्ही वेळा बातम्यांचा भर किमतीवर आणि आयातीवर राहिला. ते साहजिक आहे; आपल्या रुग्णालयांतील बहुतेक एमआरआय यंत्रे आजही परदेशातून येतात. चुंबकाविषयीही पुष्कळ लिहिले गेले. मात्र या यंत्राच्या पोटात, चुंबकाच्या आतल्या बाजूस, तांब्याच्या वेटोळ्यांचा एक संच असतो, ज्याचे नाव बातमीत सहसा येत नाही. त्याला ग्रेडियंट कॉइल म्हणतात. यंत्रात झोपल्यावर जो ठक-ठक असा कर्कश आवाज ऐकू येतो, तो त्याचाच. आजचे हे टिपण त्या वेटोळ्यांविषयी आणि त्यांच्या साहाय्याने गुडघ्यातील पाण्याची चाल मोजण्याच्या इतिहासाविषयी आहे.

गुडघाच का, याचे कारण घरगुती आहे. काही वर्षांपूर्वी माझ्या आजीच्या गुडघ्याचा एक्स-रे पाहून डॉक्टरांनी सांगितले, "गॅप कमी झाली आहे." आजीने घरी आल्यावर मला विचारले, "अरे, हाडांमध्ये गॅप कशाला हवी? जोडलेलीच बरी की." प्रश्न बिनतोड होता. एक्स-रेमध्ये जी गॅप दिसते, ती रिकामी जागा नसतेच. तिथे दोन्ही हाडांच्या टोकांवर कूर्चेचे गुळगुळीत, पांढुरके अस्तर असते. क्ष-किरणांना ते दिसत नाही इतकेच. म्हणजे एक्स-रे कूर्चेची प्रकृती सांगत नाही, ती किती उरली नाही हे सांगतो.

सांध्यातील कूर्चेचे हे वागणे वैद्यकाला फार पूर्वीपासून ठाऊक आहे. लंडनमध्ये शरीररचनाशास्त्राचा अभ्यास करणाऱ्या विल्यम हंटर या तरुण स्कॉटिश वैद्याने १७४३ मध्ये रॉयल सोसायटीच्या 'फिलॉसॉफिकल ट्रान्झॅक्शन्स'मध्ये सांध्यांच्या कूर्चेवर निबंध लिहिला. एकदा नष्ट झालेली कूर्चा पूर्ववत होत नाही, हे निरीक्षण त्यात आहे. त्यामागची कारणे पुढे स्पष्ट झाली. कूर्चेत रक्तवाहिन्या नसतात, त्यामुळे दुरुस्तीचे साहित्य सहज पोहोचत नाही. पेशी फार थोड्या, एकूण आकारमानाच्या काही टक्केच असतात. आणि मज्जातंतूही नसतात, म्हणून ती झिजू लागली तरी स्वतः दुखत नाही. वेदना जाणवते ती आजूबाजूच्या हाडापर्यंत आणि आवरणापर्यंत प्रकरण गेल्यावर. रुग्ण डॉक्टरांकडे येतो तेव्हा बराच उशीर झालेला असतो.

मग उरते काय? उरते पाणी. कूर्चेच्या वजनाचा सुमारे ६५ ते ८० टक्के भाग पाण्याचा असतो. हे पाणी बाटलीतल्यासारखे मोकळे नसते. कोलॅजेनच्या तंतूंचे जाळे आणि त्यात अडकलेले प्रोटिओग्लायकनचे प्रचंड रेणू यांच्यामधून वाट काढत ते हिंडत असते. प्रोटिओग्लायकनवर ऋण विद्युतभार असतो. त्यामुळे सोडियमचे आयन आणि त्यांच्यामागून पाणी आत ओढले जाते, कूर्चा फुगू पाहते आणि कोलॅजेनचे जाळे तिला ताणून धरते. या ओढाताणीतून तिला भार पेलण्याची ताकद मिळते. १९६०च्या दशकाच्या अखेरीपासून अ‍ॅलिस मरूदास यांनी, आधी लंडनमध्ये आणि नंतर हैफा येथे, या स्थिर विद्युतभाराचा आणि कूर्चेतून होणाऱ्या विसरणाचा बारकाईने अभ्यास केला. रोगाच्या सुरुवातीला प्रोटिओग्लायकन कमी होऊ लागते आणि जाळे सैल पडते. अस्तराची जाडी अजून घटलेली नसते, पण आत हिंडणाऱ्या पाण्याच्या वाटेतले अडथळे कमी झालेले असतात. हे हिंडणे मोजता आले, तर एक्स-रेच्या बरेच आधी काहीतरी कळेल.

पाण्याचे रेणू किती हिंडतात याचे गणित आइन्स्टाइनने १९०५ मध्ये केले. रॉबर्ट ब्राऊनने १८२७ मध्ये सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलेल्या कणांच्या अस्वस्थ थरथरीचा अर्थ त्याने लावला आणि कणाचे सरासरी विस्थापन काळाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढते हे दाखवले. ३७ अंश सेल्सिअसला मोकळ्या पाण्याचा रेणू ५० मिलिसेकंदांत एका दिशेने साधारण १७ मायक्रॉन सरकतो. ही लांबी केसाच्या जाडीच्या सुमारे पाव भाग होते आणि पेशींच्या व तंतूंच्या जगाशी ती बरोबर जुळते.

ही चाल बाहेरून, न कापता मोजण्याची युक्ती मात्र एका अडचणीतून सापडली. अणुकेंद्रीय चुंबकीय अनुस्पंदनाचा शोध लागून तेव्हा चार-पाचच वर्षे झाली होती. इलिनॉय विद्यापीठातील एर्विन हान या तरुणाला आपल्या प्रयोगात एक अनपेक्षित खूण दिसू लागली. एकामागून एक दोन रेडिओ-स्पंद दिल्यावर, तेवढ्याच अंतराने, कोणीही न मागितलेला तिसरा संकेत उमटत होता. प्रथम त्याला ती उपकरणाची खोड वाटली. १९५० मध्ये त्याने तिचा अर्थ प्रसिद्ध केला: तो स्पिनचा प्रतिध्वनी होता.

विद्यार्थ्यांसाठी हे थोडे उलगडून सांगतो. शाळेच्या मैदानावर पन्नास मुले एका रेषेवरून धावत सुटली आहेत, प्रत्येकाचा वेग वेगळा. थोड्या वेळाने घोळका विखुरतो. गुरुजी शिट्टी वाजवतात, सगळे मागे वळतात आणि आपापल्याच वेगाने परत धावतात. जो जास्त पुढे गेला त्याला जास्त अंतर कापायचे आहे, पण त्याचा वेगही जास्त आहे. म्हणून सगळे एकाच क्षणी रेषेवर पोहोचतात. तो क्षण म्हणजे प्रतिध्वनी. येथे मुलांच्या जागी पाण्यातील हायड्रोजनची अणुकेंद्रे आहेत आणि वेग म्हणजे त्यांची चुंबकीय क्षेत्रातील भिरभिरण्याची वारंवारिता. ती त्या जागच्या क्षेत्राच्या तीव्रतेवर ठरते. आता समजा, काही मुलांचा वेग वाटेतच बदलला. ती वेळेवर परतणार नाहीत आणि रेषेवरची गर्दी विरळ होईल. पाण्याचा रेणू विसरणामुळे एका जागेहून दुसरीकडे सरकला, की त्याच्या वाट्याला येणारे क्षेत्र बदलते आणि प्रतिध्वनी क्षीण होतो. हानने ही घट ओळखली होती. त्याच्या दृष्टीने ती मोजमापात येणारी बाधा होती. चार वर्षांनी, १९५४ मध्ये, हर्मन कार आणि एडवर्ड पर्सेल यांनी त्याच बाधेवरून पाण्याचा विसरण-गुणांक मोजला.

याच वर्षांत आपल्या देशात काय चालले होते? बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत जी. सूर्यन यांनी चुंबकाच्या ध्रुवांमध्ये ठेवलेल्या नळीतून पाणी वाहू दिले आणि वाहत्या द्रवाचा अनुस्पंदन-संकेत स्थिर द्रवापेक्षा वेगळा येतो असे दाखवले. स्थिर पाण्यातील अणुकेंद्रे रेडिओ-लहरी शोषून 'थकतात'. वाहत्या पाण्यात ताजी अणुकेंद्रे सतत आत येत राहतात. हा लेख १९५१ मध्ये इंडियन अ‍ॅकॅडमी ऑफ सायन्सेसच्या 'प्रोसीडिंग्ज'मध्ये आला. तो प्रवाहाविषयी होता, विसरणाविषयी नव्हता, आणि हा फरक पुसून 'एमआरआयचा शोध भारतात लागला' असे म्हणणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. परंतु द्रवाची हालचाल अनुस्पंदनाच्या संकेतात उमटते, हे ज्या मोजक्या लोकांनी सर्वांत आधी पाहिले त्यांत सूर्यन होते. त्याच वर्षी श्रीनिवास धर्माट्टी यांचे नाव असलेला, अल्कोहोलच्या रेणूतील वेगवेगळ्या हायड्रोजनांचे संकेत वेगळे काढणारा प्रसिद्ध लेख स्टॅनफर्डहून आला. पुढे धर्माट्टींनी मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत या विषयाचा पाया घातला. थोडक्यात, भारतीय भौतिकशास्त्र या दालनात उशिरा आले नव्हते. रुग्णालयातील यंत्रापर्यंत जाणारा रस्ता मात्र आपल्याकडे सात दशके बांधलाच गेला नाही आणि याबद्दल मला हळहळ वाटते.

१९६५ मध्ये विस्कॉन्सिनच्या स्टेस्कल आणि टॅनर यांनी निर्णायक सुधारणा केली. क्षेत्राचा उतार, म्हणजेच ग्रेडियंट, सतत चालू न ठेवता त्यांनी तो दोन छोट्या झटक्यांत दिला. पहिला झटका प्रत्येक रेणूवर त्याच्या जागेची खूण करतो, दुसरा ती खूण पुसतो. रेणू मधल्या काळात हलला नसेल तर खूण पूर्ण पुसली जाते. हलला असेल तर काही शिल्लक राहते. किती वेळ हिंडू द्यायचे हे आता प्रयोगकर्त्याच्या हाती आले. आजचे प्रत्येक विसरण-एमआरआय याच युक्तीवर उभे आहे. १९७३ मध्ये पॉल लॉटरबर यांनी त्याच ग्रेडियंटने संकेत कुठून आला हे ओळखून प्रतिमा बनवली. जागा ओळखणे आणि हालचाल ओळखणे ही दोन्ही कामे तांब्याच्या त्याच वेटोळ्यांची आहेत.

दोन्ही एकत्र आणण्याचे श्रेय प्रामुख्याने फ्रान्सच्या डेनिस ल बिहाँ यांचे. १९८५-८६च्या सुमारास त्यांनी जिवंत माणसाच्या शरीरातील विसरणाच्या प्रतिमा घेतल्या. यकृतावरचा पहिला प्रयत्न श्वासाच्या हालचालीने फसला. मेंदू स्थिर असल्यामुळे साधला. १९९० मध्ये मायकेल मोसली आणि सहकाऱ्यांनी मांजरांवरील प्रयोगांत दाखवले, की मेंदूचा रक्तपुरवठा तुटल्यावर तासाभराच्या आत तेथील विसरण मंदावलेले दिसते. पक्षाघाताच्या निदानाचे चित्रच त्यामुळे बदलले. १९९४ मध्ये बॅसर, मॅटिएल्लो आणि ल बिहाँ यांनी विसरणाला एका आकड्याऐवजी टेन्सरचे, म्हणजे दिशेनुसार बदलणाऱ्या राशीचे रूप दिले. पाणी तंतूंच्या लांबीने सहज सरकते, आडवे अडखळते. म्हणून चहूदिशांचे विसरण मोजले, तर तंतू कोणीकडे गेले आहेत ते कळते. मेंदूच्या रंगीबेरंगी तंतुचित्रांनी मासिकांची मुखपृष्ठे भरली. गुडघ्याकडे पाहायला तेव्हा फारशी कोणाला सवड नव्हती.

वास्तविक तंतूंच्या दिशेचा प्रश्न कूर्चेत फार जुना होता. १८९८ मध्ये हुल्टक्रांट्झ या शरीररचनाशास्त्रज्ञाने कूर्चेच्या पृष्ठभागावर टोकदार सुईने टोचून पाहिले. छिद्रे गोल न राहता ठरावीक दिशेने फाटून लांबट होत. त्यांत शाई भरली की सांध्याच्या पृष्ठभागावर रेषांचा नकाशा उमटे. १९२५ मध्ये जर्मनीच्या बेनिंगहॉफने त्याचे त्रिमित रूप मांडले. तंतू हाडापासून सरळ वर उठतात, कमानीसारखे वळतात आणि पृष्ठभागाशी समांतर होऊन पुन्हा खाली उतरतात. जुन्या वाड्यातील महिरपी डोळ्यांसमोर आणाव्यात. त्या तंतूच्या रेणूची रचना मद्रासमध्ये उलगडली. जी. एन. रामचंद्रन आणि गोपीनाथ कर्था यांनी कांगारूच्या शेपटीतील कंडरेची क्ष-किरण चित्रे अभ्यासून १९५४ आणि १९५५ मध्ये 'नेचर'मध्ये कोलॅजेनची तीन पेडांची, वेणीसारखी रचना सुचवली. कंडरेतील कोलॅजेन आणि कूर्चेतील कोलॅजेन ही वेगळी भावंडे आहेत, पण तीन पेड दोहोंतही तेच.

हे सगळे धागे १९९०च्या दशकात एकत्र आले. त्या दशकाच्या पूर्वार्धात डेबोरा बर्स्टीन, मार्था ग्रे आणि सहकाऱ्यांनी, तसेच यांग शिया आणि सहकाऱ्यांनी, कूर्चेच्या तुकड्यांवर अनुस्पंदनाने विसरण मोजले. निरोगी कूर्चेत पाण्याचे विसरण मोकळ्या पाण्याच्या साधारण निम्मे ते दोन-तृतीयांश असते. प्रोटिओग्लायकन विकराने काढून टाकले, की ते वाढते. लक्षात घ्या, पक्षाघातात मंदावणारे पाणी इथे रोगात मोकाट होते. प्रोटिओग्लायकन काढल्यावरही विसरणाची दिशा मात्र फारशी ढळत नाही, कारण ती कोलॅजेनच्या महिरपींवर ठरते. एकाच मोजमापातून दोन वेगळ्या घटकांची खबर मिळते. २००५ मध्ये फिलिडोरो आणि सहकाऱ्यांनी मानवी वाटीच्या कूर्चेचे टेन्सर-चित्र प्रसिद्ध केले. हाडालगत उभ्या आणि पृष्ठभागाशी आडव्या दिशा त्यात दिसत होत्या. सुईच्या टोकाने आणि शाईने जे शोधले गेले होते, ते न टोचता दिसले. २०१२ मध्ये होसे राया आणि सहकाऱ्यांनी जिवंत व्यक्तींच्या गुडघ्यांवर हे मोजमाप करून, सांधेझीज असलेल्या गुडघ्यांत विसरण वाढलेले आणि दिशांचा ठळकपणा कमी झालेला असतो, असे दाखवले.

येथवर वाचून असे वाटेल, की मग जवळच्या सेंटरमध्ये जाऊन ही तपासणी करून घ्यावी. ती तिथे मिळत नाही. कारण समजण्यासाठी माझा एक फजितीचा प्रसंग सांगतो. पीएच.डी.च्या दुसऱ्या वर्षी खाटकाकडून बोकडाचा गुडघा आणून, त्यातील कूर्चेचा तुकडा काचेच्या नळीत बसवून मी विसरण मोजले. आकडा आला मोकळ्या पाण्यापेक्षाही मोठा. हे अशक्य आहे. आठवडाभर गणित तपासले, कॅलिब्रेशन तपासले. शेवटी लक्षात आले, की ग्रेडियंटच्या प्रत्येक झटक्यासरशी नळी थोडी हादरत होती. यंत्राला त्या हादऱ्यांत आणि रेणूंच्या हिंडण्यात भेद करता येत नव्हता. नळीभोवती टेफ्लॉनची टेप गुंडाळून ती घट्ट बसवली आणि आकडा शहाणा झाला. प्रयोगशाळेत टेप गुंडाळता येते. साठ वर्षांच्या, दुखऱ्या गुडघ्याच्या माणसाला यंत्रात दीर्घकाळ तसूभरही हलू नका असे सांगणे निराळे.

त्यात कूर्चेची स्वतःची कठीण प्रकृती. गुडघ्यात तिची जाडी एक ते चार मिलिमीटर, वाटीच्या मागे थोडी जास्त. म्हणजे नेहमीच्या प्रतिमेत मोजून काही ठिपके. मेंदूतील संकेत जितका टिकतो त्याच्या निम्म्यापेक्षाही कमी वेळ कूर्चेचा टिकतो, हाडालगत तर आणखी कमी. दोन झटके देऊन, मध्ये रेणूंना हिंडू देऊन, प्रतिध्वनीची वाट पाहेपर्यंत संकेत विझत आलेला असतो. मेंदूसाठी वापरली जाणारी अतिजलद प्रतिमांकन-पद्धती गुडघ्यात हाड, चरबी आणि हवेच्या सीमांवर वेडीवाकडी होते. इतर मार्ग आहेतच: ग्रे आणि बर्स्टीन यांच्याच गटाने गॅडोलिनियमचे इंजेक्शन देऊन कूर्चेचा विद्युतभार चित्रित करण्याची पद्धत काढली, आणि रविंदर रेड्डी यांच्या पेनसिल्व्हेनियातील गटाने आणखी एका प्रकारच्या विश्रांतिकाळावरून प्रोटिओग्लायकनचा माग काढला. विसरणाला इंजेक्शन लागत नाही, हा त्याचा मोठा फायदा.

येथे ग्रेडियंट कॉइल पुन्हा पुढे येते. रुग्णालयातील यंत्राचा ग्रेडियंट साधारण ३० ते ४५ मिलिटेस्ला प्रति मीटर असतो, महागड्या यंत्रांत ८०. ४० धरला, तर तीन मिलिमीटर जाडीच्या कूर्चेच्या दोन टोकांमध्ये क्षेत्राचा फरक ०.०००१२ टेस्ला, म्हणजे १.५ टेस्लाच्या मूळ क्षेत्राच्या दहा हजारांत एका भागाहूनही कमी. या एवढ्याशा उतारावर सारे मोजमाप तोलायचे असते. विसरणाची नोंद ग्रेडियंटच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. ग्रेडियंट दुप्पट केला, की तेच मोजमाप कमी वेळात होते आणि विझता संकेत वेळेत पकडता येतो. म्हणून कूर्चेच्या दृष्टीने पाहणाऱ्याला चुंबक १.५चा की ३चा याइतकेच, किंबहुना अधिक, महत्त्व ग्रेडियंट किती तीव्र आणि किती चपळ याला आहे. देशी यंत्राविषयीच्या बातमीत मी आधी तोच आकडा शोधतो. बहुधा तो नसतो.

एक आक्षेप मला मित्रांकडून नेहमी ऐकू येतो. कूर्चेची झीज थांबवणारे किंवा उलटवणारे औषध आजवर मान्यता पावलेले नाही. मग लवकर कळून उपयोग काय? आक्षेपात तथ्य आहे, आणि निरोगी माणसांनी हौसेखातर गुडघे तपासत फिरावे असे मी म्हणणार नाही. पण औषध का नाही, याचे एक कारण मोजपट्टीत आहे. एक्स-रेमधील ती गॅप सरासरीने वर्षाला मिलिमीटरचा जेमतेम दहावा भाग कमी होते. औषधाचा गुण येतो की नाही हे अशा पट्टीवर पाहायचे, तर शेकडो रुग्ण आणि कित्येक वर्षे लागतात, आणि तोवर कूर्चा हंटरने सांगितलेल्या टप्प्यावर पोहोचलेली असते. काही महिन्यांत बदल दाखवणारी पट्टी मिळाली, तरच सुरुवातीच्या रुग्णांवर चाचण्या घेणे परवडेल. विसरण ही पट्टी होऊ शकेल की नाही, हे अनेक यंत्रांवर, अनेक केंद्रांत तेच आकडे येतात का यावर ठरेल. आणि मांडी घालून जेवणाऱ्या, उकिडवे बसणाऱ्या गुडघ्यांचे निरोगी आकडे काय, हे आपल्यालाच मोजावे लागेल.

आजीच्या प्रश्नाला मी तेव्हा कागदावर चित्र काढून उत्तर दिले होते. दोन हाडे, मध्ये दोन अस्तरे, त्यांत महिरपी आणि महिरपींतून वाट काढणारे पाण्याचे ठिपके. तिने चष्मा लावून ते नीट पाहिले आणि विचारले, "मग माझे ठिपके आता किती जोरात धावतात?" तो आकडा माझ्याकडे नव्हता.